चामड्याच्या पट्ट्यांचं कॅरिअर

चिक्कडपल्ली, हैदराबाद दक्षिण
शुक्रवार, २ जुलै १९४८

चि. मधू यास एकनाथाचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझीही खुशाली असावी.

वर्षभरानं माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. टपालानं पाठवलं नाही, कारण हल्ली इथे पत्रं फोडून वाचतात. शेजारचे हिम्मतराव लेकीकडे सोलापूरला निघाले आहेत, त्यांच्या कोटाच्या अस्तरातून हे तुझ्या छावणीत येईल. उत्तरही त्यांच्याच हाती दे. मागच्या ऑगस्टात मी तुला या घराची पायरी चढू नकोस म्हटलं, ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही. तू झेंडा लावून मोकळा झालास आणि जबाब द्यायला मी कचेरीत उभा राहिलो. असो. काम आईचं आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, आणि तिच्या वयाला ते जुळत नाही म्हणतात. तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. तुला आधी कळवलं नाही, कारण कळलं असतं तर तू वॉरंट असतानाही हद्द ओलांडून आला असतास आणि धरला गेला असतास. आई रोज विचारते, मधू कधी येणार. मी रोज तेच सांगतो. शेवटी परवा ती म्हणाली, त्याला येता येत नाही तर मला त्याच्याकडे ने.

डॉक्टरांना विचारलं. आगगाडीला ते सरळ नाही म्हणाले. वाडीला गाडी बदलताना हिला उचलून नेणार कशी? शिवाय या उन्हाळ्यात आगगाड्यांवर काय काय झालं ते तू तिकडे वाचलंच असशील. मी रेल्वेत नकाशे काढतो आणि रेल्वेचं नाव काढत नाही, याचं खुशाल हसू येऊ दे. मोटारीनं, आडवी निजवून, सावकाश नेली तर सोलापूरपर्यंत टिकेल असं त्यांचं म्हणणं आहे. मात्र लवकर न्या म्हणाले. दसऱ्यापर्यंतची खात्री ते देत नाहीत.

तेव्हा आता प्रश्न मोटारीचा. आबासाहेब गेले, त्यांची वकिली गेली, पण त्यांची मोटार अजून चालते. मागची बैठक सबंध आईला लागणार. पुढे मी आणि तुझी निर्मलावहिनी. डिकीत स्टेपनी आणि जॅक ठेवला की रुमालही मावत नाही. ट्रंक, वळकटी, पेट्रोलचे डबे, पाण्याची कळशी, आईचं दुखण्याचं सामान हे सगळं टपावरच जाणार. आणि देव. देवांची पेटी आई मागे ठेवणार नाही. तिला पायाशी ठेवता येत नाही आणि मांडीवर धरायला कुणी सोवळ्यात नाही. म्हणजे देवही टपावर, सगळ्यांच्या डोक्यावर.

टपावर कॅरिअर बसवायचं म्हणजे आधी टप पाहावा लागतो, हे मला आता कळलं. आजवर मी त्याच्या आत बसलो, वर कधी पाहिलं नाही. काल पट्टी घेऊन स्टुलावर चढलो. टपाची रुंदी शेहेचाळीस इंच. पण सगळं पोलाद नाही. मधले बत्तीस इंच मेणकापड ताणून बसवलेलं आहे, आणि दोन्ही बाजूंना सात सात इंचांची पोलादी कड. वजन कापडावर पडलं की सामान आईच्या अंगावर आलंच म्हणून समज.

आपला जुना मिस्त्री खुर्शीदमियाँ आता आबिडला टपालकचेरीमागे मोटारीच्या सामानाचं दुकान चालवतो. त्याच्याकडे दोन तऱ्हेची कॅरिअर आहेत. एक पंजाचं. त्याचे चार लोखंडी पंजे दारावरच्या पन्हळीला पकडतात आणि स्क्रूनं आवळायचे. दिसायला भक्कम. पण आपली पन्हळ मागच्या दारांवर गंजून पापुद्र्यासारखी झाली आहे. मी नखानं खरवडली तर हातात आली. दुसरं पट्ट्याचं. त्याला रबरी पाय असतात, ते टपावर टेकतात, आणि चामड्याचे चार पट्टे दाराच्या फटीतून आत घेऊन बकलानं ताणायचे. पाय पोलादी कडेवरच टेकतील इतके बाहेर सरकवून देतो असं तो म्हणतो.

तू आबासाहेबांबरोबर त्या मोटारीखाली आडवा पडून वाढलास. मला मापं कळतात, मोटार कळत नाही. कोणतं घ्यावं ते कळव. बाकी बोलणं भेटीत.

तुझा दादा
एकनाथ

 

चिक्कडपल्ली
शुक्रवार, ६ ऑगस्ट १९४८

चि. मधू यास आशीर्वाद. हिम्मतरावांच्या हातचं तुझं पत्र पोचलं.

पत्र कसलं, तारच ती. ‘पट्ट्याचं घे आणि निघ.’ चार शब्द. वर्षभर न बोललेल्या भावाला चार शब्द लिहायचे म्हणजे तू कमालच केलीस. तुम्हा छावणीतल्या लोकांना सगळं सोपं वाटतं. घ्या आणि निघा, म्हणे.

पट्ट्याचं आणलं. पण ते चालणार नाही. पट्टे गाईच्या चामड्याचे आहेत, आणि ते देवांच्या पेटीवरून जाणार. मी आईला विचारलं. विचारणं भाग होतं. आजवर तिनं विहिरीच्या चामडी मोटेचं पाणी कधी तोंडात घातलं नाही, आबासाहेबांचं घड्याळ चामड्याच्या पट्ट्याचं म्हणून जेवताना काढून ठेवायला लावायची, तुला आठवत असेल. तिनं मान फिरवली. म्हणाली, चामड्याखाली देव बांधून मला कुठे जायचं नाही. आता यावर मी काय बोलणार? तिला दुखवून न्यायचं का?

म्हणून पंजाचं कॅरिअर पुन्हा पाहिलं. त्यासाठी पन्हळ बदलावी लागेल, म्हणजे पत्रा तोडून नवा जोडायचा. काम पंधरा दिवसांचं. सुंभानं बांधून चालेल का हेही पाहिलं. चालत नाही, वाटेत ढिलं होतं.

शिवाय इतर अडचणी आहेत. पेट्रोल मिळत नाही. तुमच्या बाजूनं माल येणं बंद झाल्यापासून इथे औषधांचीही ओरड आहे. माझ्याजवळ चार डबे साठवलेले आहेत, सोलापूरपुरते होतील, पण परतीचं काय? करोडगिरीच्या नाक्यावर सगळं सामान उतरवून तपासतात. आमचे साहेब भगवंतराव यांनी परवा सहज विचारलं, मोटारीला काही काम काढलंय का? सहज म्हणजे किती सहज ते तूच ओळख. टपावर कॅरिअर चढवलेली मोटार दारात दिसली की सगळ्या मोहल्ल्याला कळतं, हे निघाले. मग त्या घरात पुन्हा राहता येत नाही.

तुझी वहिनी ट्रंक भरते आणि चार दिवसांनी लुगडी काढून पुन्हा फडताळात ठेवते.  

आईची तब्येत आहे तशी आहे. पाठीला फोड आले आहेत. कूस बदलायला मी रात्रंदिवस आहेच. तुझी आठवण काढते, ते वेगळं सांगायला नको.

पन्हळीचं काम झालं की कळवतो. तू उगाच अधीर होऊन हद्दीत शिरू नकोस.

तुझा दादा
एकनाथ

 

चिक्कडपल्ली
शुक्रवार, १ ऑक्टोबर १९४८

मधू,

खुशाली विचारायची ती विचारतो. तू बरा असशील. छावण्या आता उठल्या असं ऐकतो, आणि वॉरंटंही राहिली नाहीत. इथे कचेरीवर दुसरा झेंडा लागला. रस्ता उघडलाय, सोलापूरहून मोटारी रोज येतात.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आठ पानं. तू इतकं लिहू शकतोस हे मी विसरलो होतो. ९ सप्टेंबरला मी केलेली तार तुला मिळालीच नाही आणि आई गेल्याचं तुला हिम्मतरावांकडून सतराव्या दिवशी कळलं, याचं मला फार वाईट वाटतं. पण तुझं पत्र मला पुरं वाचवलं नाही ते त्यामुळे नव्हे.

तू लिहितोस, दादा, तू सहा महिने तिचं केलंस, मी काहीच केलं नाही, मला माफ कर. लिहितोस की तुझा माझ्यावर राग उरला नाही. आणि पुढे लिहितोस, आईच्या सोवळ्यानं तिला माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. चार चामड्याच्या पट्ट्यांसाठी ती मला न भेटता गेली. देव तिला माझ्यापेक्षा मोठे वाटले, हे मी कधी विसरणार नाही. हे तू तिकडे लोकांपाशीही बोलतोस असं दिसतं, कारण हिम्मतराव परवा तेच माझ्याजवळ बोलले आणि हळहळले.

आईनं पट्ट्यांना नकार दिला नव्हता.

मी विचारलं ते खरं. जुलैच्या मध्यावर एका सकाळी पट्टा हातात घेऊन तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, आई, हे चामडं आहे, देवांच्या पेटीवरून घ्यावं लागेल. खरं सांगायचं तर ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती, आणि तसंच व्हावं असं मला वाटत होतं. तिनं हात पुढे केला, पट्टा बोटांनी चाचपला. जन्मात पहिल्यांदाच तिनं चामडं हातात धरलं असेल. म्हणाली, “देव घरीच राहू देत. निर्मला त्यांचं करायला मागे राहील. मला मधूकडे ने.”

एवढंच. मी पट्टा घेऊन बाहेर आलो, आणि तीन आठवड्यांनी तुला दुसरंच लिहिलं.

कॅरिअर बसत होतं, मधू. जुलैतच. खुर्शीदमियाँनं स्वतः घरी येऊन बसवून दाखवलं. चारी पाय पोलादी कडेवर नेमके टेकले, मेणकापडावर भार नाही. त्यानं वर दोन सिमेंटची पोती ठेवून नारायणगुड्यापर्यंत चक्कर मारली. टप हलला नाही. म्हणाला, “हद तक मैं साथ आतौं साब. मेरे कू देखके नाके पे कोई अम्मा कू नै उठाते.” मी त्याला म्हटलं, हौ, सांगतो. संध्याकाळी कॅरिअर उतरवलं आणि गोणपाटात गुंडाळून मागच्या खोलीत ठेवलं. पन्हळीचं काम मी काढलंच नाही.

का, ते विचारशील. आधी भीती होती. नोकरी सोडून पळालेल्यांच्या यादीत नाव लागलं तर काय, घर कुणी बळकावलं तर काय, नाक्यावर तुझं नाव निघालं तर काय. हे सगळं खरं होतं, आणि घाबरल्याची मला लाज नाही. त्या दिवसांत या शहरात सगळेच घाबरले होते, खुर्शीदमियाँही.

पण ती भीती ऑगस्टातच ओसरली. भगवंतरावांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, आईला पोचवायची असेल तर आठ दिवसांची आजारपणाची रजा टाका, मी सही करतो. त्यांचं ते विचारणं खरोखरच सहज होतं. पेट्रोल होतं. ट्रंक भरलेली होती. माणूस सोबत यायला तयार होता. आणि मी स्टुलावर चढून टपाची मापं पुन्हा घेत होतो. शेहेचाळीस, बत्तीस, सात आणि सात. तुझी वहिनी दारात उभी राहून पाहायची. एकदा म्हणाली, टप वाढतोय का रोज? मी तिच्यावर ओरडलो.

सहा महिने मी तिला उचललं, मधू. तिची पाठ धुतली, भांडं दिलं, भात कालवून भरवला. मुलानं आईचं असलं करायचं नसतं म्हणून शेजारच्या बायका नावं ठेवत, तरी केलं. आणि भरवताना प्रत्येक घासाला ती तुझं नाव काढायची. मधू जेवला असेल का? मधूला तिकडे कोण करून घालतं? एकदा मला मधू म्हणूनच हाक मारली आणि मी ओ दिली. मला वाटायचं, हिला तिथे पोचवली की ही तुझ्या मांडीवर डोकं ठेवील आणि मी एवढं केलेलं तिच्या ध्यानातही राहणार नाही. मी गाडी हाकणारा माणूस म्हणून बाजूला उभा राहीन. मला ते नको होतं. मला हेवा वाटला. छत्तीस वर्षांच्या माणसाला, मरायला टेकलेल्या आईबद्दल. लिहून टाकलं एकदाचं.

तिला कळलं. ३ सप्टेंबरला खुर्शीदमियाँ तिची विचारपूस करायला सीताफळं घेऊन आला. तिच्या खाटेजवळ बसून त्यानं सरळ विचारलं, अम्मा, अजून गेला नाहीत? कॅरिअर तर दीड महिन्यापूर्वीच नीट बसलं होतं. मी दारातच होतो. आई माझ्याकडे पाहत राहिली.  त्याला फळं आवडली म्हणून सांगितलं, त्याच्या मुलींची चौकशी केली.

तो गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “मधूला हे कळू देऊ नकोस. तो तुला कायमचा टाकील. आईच नको म्हणाली म्हणून सांग. माझ्यावर घाल.”

मी तिला सांगू शकलो नाही की ते मी महिन्यापूर्वीच तिच्यावर घातलंय आणि हिम्मतरावांच्या हाती पाठवूनही दिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानं कॅरिअर चढवलं. पट्टे ताणले, ट्रंक वर बांधली, डबे भरून घेतले. वहिनीनं गादी मागच्या बैठकीवर घातली. मग डॉक्टर आले, त्यांनी नाडी धरली आणि मला अंगणात नेलं. म्हणाले, आता हिला दारापर्यंतसुद्धा उचलू नका. जुलैत का नाही नेलंत? मी म्हटलं, कॅरिअर बसत नव्हतं. त्यांच्याशीही खोटं बोललो, बघ. तोवर सवय झाली होती.

नऊ तारखेला पहाटे गेली. शेवटचे दोन दिवस तिला शुद्ध नव्हती, कुणाचंच नाव तिनं घेतलं नाही. त्यानंतर चारच दिवसांनी फौजा आत शिरल्या आणि आणखी पाच दिवसांत सगळं संपलं. आणखी दहाबारा दिवस ती टिकली असती तर तूच इथे आला असतास, हा हिशोब मी रोज करतो आणि रोज तो जुलैवर येऊन थांबतो.

तिनं मला शेवटचं म्हणून एकच काम सांगितलं, तुला कळू देऊ नकोस. ते मी आज मोडतोय. तुझं पत्र आलं नसतं तर मोडलं नसतं. तू माफी मागितलीस, माझा राग सोडलास, मला दादा म्हणून आठ पानं लिहिलीस; मला हवं ते सगळं त्यात होतं आणि ते घेऊन मी गप्प बसू शकलो असतो. तिलाही तेच हवं होतं. पण तू जन्मभर तिच्याविषयी असं समजून राहायचं आणि मी ते वाचत राहायचं, हे मला झेपत नाही. तिनं तुझ्यासाठी सोवळं टाकलं, देव मागे ठेवले. तुझ्यापर्यंत तिला येऊ दिलं नाही ते मी.

पहिलं मासिक श्राद्ध शनिवारी, ९ तारखेला आहे. तू ये. तिची खोली तशीच ठेवली आहे. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर हिम्मतरावांकडे निरोप ठेव. मी त्या दिवशी तारनाक्याला ऑफिसातल्या एका मित्राकडे जाईन आणि तू जाईपर्यंत परतणार नाही. पिंड तू दे. वहिनीला सगळं ठाऊक आहे. ती दार उघडील.

तू लहान आहेस, म्हणून शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. या वेळी लिहीत नाही.

एकनाथ